आत ठेवलेलं कापड

टेलर लोक कपड्याच्या शिवणीत थोडं कापड जास्तीचं ठेवतात, त्याला दाब म्हणतात. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही, दिसायचं कारणही नाही. उद्या अंग सुटलं तर शिवण उसवायची, आतलं कापड थोडं बाहेर काढायचं, पुन्हा टीप मारायची, झालं काम. मास्तरांच्या दुकानात हे रोजचंच होतं. लोक यायचे, पोट आत ओढून उभे राहायचे आणि म्हणायचे, "मास्तर, पँट धुण्यात आटली हो." मास्तर गंभीर चेहऱ्यानं मान डोलवायचे. "आटतात हो हल्लीची कापडं," असं म्हणून टेप गळ्यात टाकायचे. कापडाला बोलता येत नाही म्हणून बरं. नाहीतर निम्म्या गिऱ्हाइकांवर त्यानं अब्रूनुकसानीचा दावा ठोकला असता.

गिऱ्हाइकाचं मन राखणं हा धंद्याचाच भाग, त्यात वावगं काही नाही. पण हे घरी करायचं नसतं. मास्तरांनी ते घरी केलं.

दुकान खाली, घर वर, मधे करकरणारा लाकडी जिना. मास्तरांची बायको बसस्थानकावर तिकिटाच्या खिडकीत बसायची. काचेमागं तिचं डोकं आणि खांदे एवढंच दिसायचं, पण आवाज असा खणखणीत की रांगेतला शेवटचा माणूससुद्धा खिशात हात घालून तयार राहायचा. लहानपणी ती चांगलीच जाडी होती. घरात तिला 'गोणी' म्हणायचे. धाकटी बहीण तर पाहुण्यांसमोरही म्हणायची. पुढं तिनं जिद्दीनं अंग उतरवलं, पण ते नाव काही तिच्या मनातून उतरलं नाही. लग्न ठरलं तेव्हा मास्तरांनी तिच्यासाठी निळा लोकरी कोट शिवला. तो घालून दुकानाच्या आरशासमोर गिरकी घेत ती म्हणाली होती, "अहो, मी परत गोणी झाले ना, तर मला सांगू नका हं. लाजेनं मरेन मी." दोघंही पोट धरून हसले होते. मास्तरांनी हसता हसता वचन दिलं होतं.

बरीच वर्षं त्या वचनाची गरज पडली नाही. मग एका सकाळी कोटाचं मधलं बटण लागेना. तिनं श्वास रोखून बघितलं, पाठ वाकवून बघितलं. मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि कोटाकडे बघत राहिली. "कालचं जेवण अजून पोटात आहे वाटतं," ती म्हणाली, आणि साधा स्वेटर घालून कामावर गेली. तिचा पडलेला चेहरा मास्तरांना बघवेना. त्यांनी कोट खाली नेला, अस्तर उसवलं, दोन्ही बाजूंच्या शिवणी बोटभर सोडल्या, इस्त्री फिरवली आणि कोट होता तिथं टांगून ठेवला. दुसऱ्या दिवशी बटण लागलं. "बघा! मी म्हटलं नव्हतं? नुसतं पोट फुगलं होतं," असं म्हणत ती जिना उतरून गेली, गाणं गुणगुणत. आपण मोठं सत्कर्म केलं असं मास्तरांना त्या दिवशी वाटलं.

एकदा केलं की सवय लागते. मग कोट झाला, ड्रेस झाले, कामावरची पँट झाली. ती आंघोळीला गेली की मास्तर कपाट उघडायचे. आणि खरं सांगायचं तर त्यात निम्मी माया होती, निम्मी दुकानाची मिजास. टेलरच्या बायकोच्या अंगावर ताणलेली शिवण दिसली तर लोक काय म्हणतील? शिवणीतलं कापड संपलं तेव्हा त्यांनी काखेखाली त्याच रंगाच्या पट्ट्या जोडल्या, इतक्या बेमालूम की त्यांच्या त्यांनाच पुन्हा शोधायला चष्मा लागावा. स्वतःच्या हातावर ते मनोमन खूश होते.

पण एक गोष्ट त्यांना उमगत नव्हती. बायको खात होती किती? त्यांच्यापेक्षा कमीच. मग हे येतंय कुठून? मास्तरांनी आपलं आपण उत्तर काढलं. चोरून खात असणार. त्यांनी बिस्किटांचे डबे हलवून बघितले, एकदा तर तिच्या पर्समध्येही डोकावले. काही सापडलं नाही. नाही सापडलं, म्हणजे बाहेर खात असणार! संशयाला काय, पुरावा नसला तरी त्याचं पोट भरतं. मग मास्तरांनी तिला मनातल्या मनात माफ करून टाकलं. बिचारी, जीभ आवरत नाही तिला, चालायचंच. रोज जेवताना ते तिच्यासमोर बसायचे आणि भाकरतुकडा मोडता मोडता तिला माफ करायचे. अशी माफी माणसाला फार आवडते. ती द्यायला तोंडही उघडावं लागत नाही.

बरं, मास्तर काही नवशिके नव्हते. सुटणारी अंगं त्यांनी आयुष्यभर टेपनं मापली होती. माणूस जाड झाला की दंडही जाड होतात, मांड्याही. इथं भलतंच चाललं होतं. पोटाकडे शिवण सोडावी लागत होती आणि बाह्या मात्र सैल पडत होत्या. दंड वाळत चालले होते. मानेखाली, पाठीवर मांसाचा उंचवटा आला होता, त्यामुळं कॉलर मागून उचलली जायची. मास्तरांनी बाह्या आत घेतल्या. कॉलरखाली कापड जोडून ती खाली बसवली. हे असं का, हा प्रश्न त्यांना पडला नाही असं नाही. चांगला पडला होता. "वय झालं," असं स्वतःशी म्हणून त्यांनी तो बाजूला सारला, आणि सुईत दोरा ओवला.

त्याच सुमारास मेहुणी आली. ती लांबच्या गावी राहायची, दोन-तीन वर्षांनी येत होती. दारातच तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"अगं बाई! ताई, हे काय तोंड झालंय तुझं? किती गोल! आणि लाल!"

"गोणी म्हणायचं असेल तर सरळ म्हण," बायको म्हणाली.

"थट्टा नाही करत गं. मी स्टँडवर खिडकीपाशी येऊन गेले. तू दिसलीस, पण मी तुला ओळखलंच नाही."

"काहीतरीच तुझं! हा कोट बघ. लग्नाच्या आधीचा आहे. अजून बसतो मला. तुला बसतात का गं तुझे लग्नातले कपडे?"

दोन बाळंतपणं झालेली मेहुणी यावर काय बोलणार? पण जाता जाता मास्तरांना जिन्यात गाठून म्हणाली, "भावजी, हसण्यावारी नेऊ नका. तिला डॉक्टरांकडे न्या." मास्तर नुसते हो हो करत राहिले. तेव्हा मेहुणीनं स्वतःच फोन करून वेळ ठरवली आणि मगच ती गाडीत बसली.

डॉक्टर बाई मध्यमवयीन, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलायला मोकळ्या. त्यांनी वजन केलं, रक्तदाब बघितला. रक्तदाब वाढला होता. पोट तपासू म्हणाल्या तर बायकोनं कोट घट्ट ओढून धरला. "आज नको हो डॉक्टर, पुढच्या वेळी." पोटावर जांभळे ओरखडे उठले होते आणि तिला त्यांची लाज वाटत होती, हे मास्तरांना तेव्हा ठाऊक नव्हतं. घरी ती हल्ली दार लावून कपडे बदलायची.

"बरं," डॉक्टर म्हणाल्या. "लठ्ठपणा म्हणजे काही एकच दुखणं नाही. कुणाची चरबी मांड्यांवर बसते, कुणाची पोटावर. पोटावरची जास्त त्रास देते. कारणंही एकाची एक नसतात. खाणं, दिवसभर बसून काम, अपुरी झोप, आईबापांकडून आलेली ठेवण. कधी एखादं औषध, कधी शरीरातल्या ग्रंथी बिघडलेल्या. म्हणून मला आधी एक सांगा, हे वाढलं कधीपासून? वर्षा-दोन वर्षांत एकदम वाढलं, की आधीपासून असंच आहे?"

"वाढलं कुठं? मी अशीच आहे," बायको म्हणाली. "लहानपणी तर जाडच होते. हा कोट माझ्या लग्नाच्या आधीचा आहे, अजून बसतो. यांनीच शिवलाय. टेलर आहेत ना हे."

डॉक्टरांनी मास्तरांकडे बघितलं. "हो का? कपडे सगळे तसेच बसतात?"

सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. पण बायको त्यांच्याकडे बघत होती, कोटाच्या कॉलरवर हात ठेवून, कौतुकानं. तिच्यादेखत कसं सांगायचं?

"हो," मास्तर म्हणाले.

"मग ठीक आहे. एकदम वाढलं असतं तर ग्रंथींच्या तपासण्या करून घेतल्या असत्या. तसं नाही, तेव्हा आधी खाणं आणि चालणं सुधारू. सहा महिन्यांनी या. रक्तदाबाची गोळी मात्र चुकवू नका."

एवढंसं ते 'हो'. एका टिपेइतकंही लांब नाही.

बायकोनं मनावर घेतलं. ती मनावर घेणारीच होती. सकाळी कामाआधी बसस्थानकाला फेऱ्या मारायला लागली. ताटात उकडलेल्या भाज्या आणि पातळ सूप. साखर सोडली, तेल सोडलं, आठवड्यातून एक दिवस तर नुसत्या पाण्यावर. मास्तर समोर बसून जेवत, आणि ती त्यांच्या ताटाकडे न बघण्यासाठी खिडकीबाहेर बघे. काटा मात्र हलेना. उलट चढला! पायऱ्या चढताना तिचे पाय लटपटायचे. कशावरही हात टेकला तरी निळा डाग उठायचा. "तुमचं ते कटिंगचं टेबल लागलं असेल," ती म्हणायची.

मास्तरांचं मन त्यांना खात होतं. 'एकदम वाढलं असतं तर' हे डॉक्टरांचं वाक्य कानातून जाईना. मशीन चालवताना ते ठरवायचे, आज सांगायचं. ती जिना चढून यायची, खुर्चीत धप्पकन बसायची, बुटांचे बंद सोडायलाही वाकवायचं नाही तिला. मास्तर बूट काढून द्यायचे आणि सांगायचं राहून जायचं. आता सांगितलं तर एक नाही, सगळंच सांगावं लागणार होतं. कपाट, आंघोळीची वेळ, काखेतल्या पट्ट्या, डॉक्टरांसमोरचं 'हो'. जितका उशीर होत होता तितकं सांगणं अवघड होत होतं, आणि अवघड होतं म्हणून उशीर होत होता. त्यात कोटही त्यांनी आणखी एकदा सोडला! एवढं ऐकूनसुद्धा! ती कोट घालून आरशासमोर उभी राहायची तेव्हा तिचा चेहरा निदान त्या क्षणापुरता तरी खुलायचा, आणि तेवढा एक क्षण तिच्याकडून काढून घेणं मास्तरांच्या जिवावर आलं होतं. भित्रे होते मास्तर, दुसरं काय!

एका संध्याकाळी सूप पिता पिता ती रडायला लागली.

"माझ्यातच खोट आहे हो. एवढं करूनही काही होत नाही. नक्की कुठंतरी माझं जास्त खाणं होत असणार, मला कळत नसणार. तुमच्या गळ्यात गोणीच बांधली शेवटी. मला माफ करा."

आणि मास्तर काय म्हणाले? म्हणाले, "राहू दे गं. चालायचंच."

म्हणजे त्यांनी तिला माफ केलं. आता तोंडानंसुद्धा.

सहा महिने भरायच्या आतच ते झालं. खिडकीत बसल्या बसल्या तिला खोकल्याची उबळ आली आणि बरगडीत काहीतरी कट्‌कन वाजलं. नुसतं खोकून! सहकाऱ्यांनी मास्तरांना निरोप धाडला, मास्तर शटर अर्धं टाकून धावले. एक्स-रे निघाला आणि दोघं पुन्हा त्याच डॉक्टर बाईंसमोर बसली. कोट तिनं या वेळी अंगावर नुसता टाकला होता, बाहीत हात घालवत नव्हता.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. बराच वेळ बघितला.

"खोकल्यानं बरगडी मोडते ती फार म्हाताऱ्या माणसांची. तुमची हाडं ठिसूळ झाली आहेत. असं व्हायला नको होतं."

"माझंच चुकलं," बायको घाईनं म्हणाली. "मी उपास फार केले. तुम्ही सांगितलं होतं त्यापेक्षाही कमी खाल्लं. रागावू नका डॉक्टर, वजन हलत नव्हतं म्हणून केलं."

मोडक्या बरगडीवर हात धरून ती डॉक्टरांची माफी मागत होती. मास्तरांनी तिच्या खांद्यावरून कोट काढून घेतला, टेबलावर पसरला आणि खिशातली दोरे कापायची छोटी कात्री काढली.

"अहो, काय करताय?" बायको म्हणाली.

मास्तरांनी अस्तर फाडलं, तेही स्वतःच्या हातचं, आणि बाजूची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली. कोट उलटा करून ते डॉक्टरांना दाखवू लागले. बाहेरचं कापड उन्हानं विटलेलं होतं, आत लपलेली पट्टी मात्र गडद निळी, नव्यासारखी. तिच्यावर जुन्या टिपांच्या भोकांच्या ओळी उमटल्या होत्या, एकीच्या बाजूला दुसरी, दुसरीच्या बाजूला तिसरी.

"ही मूळची शिवण," मास्तर म्हणाले. "ही पहिल्यांदा सोडली. ही नंतर. ही त्याच्या नंतर. इथं कापड संपलं, मग मी पट्टी घातली. डॉक्टर, हे सगळं गेल्या दोन वर्षांतलं आहे. त्याच्या आधी हिला हा कोट जसा शिवला तसाच बसत होता. मी त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोललो."

बायको कोटाकडे बघत होती.

"आणि बाह्या?" डॉक्टरांनी विचारलं. "त्याही सोडल्या?"

"नाही. बाह्या आत घेतल्या. दंड बारीक झाले तिचे. मानेखाली उंचवटा आला, म्हणून कॉलरही बदलली."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. त्यांनी बायकोला पोट दाखवायला सांगितलं. या वेळी तिनं नाही म्हटलं नाही. जांभळे ओरखडे बघून डॉक्टरांनी मान हलवली आणि तपासण्या लिहायला घेतल्या, रक्ताच्या, लघवीच्या, पोटाच्या स्कॅनची. मास्तरांना त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

घरी जाताना ती पुढं आणि मास्तर मागं. उसवलेला कोट तिनं एका हातानं धरून ठेवला होता, आतलं गडद कापड रस्त्यावर सगळ्यांना दिसत होतं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी ती थांबली.

"गोणी झाले हे लपवलंत, एक वेळ चालेल," ती म्हणाली. "सांगू नका म्हणाले होते मीच. गमतीनं म्हणाले होते, पण म्हणाले होते. पण मी रोज ताटावर बसून स्वतःला शिव्या घालत होते, आणि तुम्ही समोर बसून जेवत होतात! तुम्हाला ठाऊक होतं की हे नवीन आहे. मला ठाऊक नव्हतं. माझं अंग, आणि मलाच ठाऊक नव्हतं!"

आता काही राखून ठेवण्यात अर्थ नव्हता. "मला वाटायचं तू चोरून खातेस," मास्तर म्हणाले.

ती वळून त्यांच्याकडे बघायला लागली. "असं वाटायचं तुम्हाला? आणि तरी एका शब्दानं विचारलं नाहीत?"

"मनातल्या मनात माफ केलं होतं तुला."

"मला?" ती हसली, आणि हसताना बरगडीत कळ आली म्हणून वाकली. मास्तर धरायला पुढं झाले. तिनं हात वर करून त्यांना थांबवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तिच्या, हसण्याचं की दुखण्याचं, की आणखी कशाचं. "मला माफ केलं होतं म्हणे! वा, मास्तर, वा!"

तपासण्या आल्या. डाव्या मूत्रपिंडावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते, तिच्यात गाठ झाली होती. गाठ साधी होती, पण ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस रक्तात सोडत होती. त्यामुळं पोट आणि चेहरा सुजल्यासारखा भरत होता, दंड-मांड्या झडत होत्या, हाडं आतून पोखरली जात होती. "उपास केले काय, फेऱ्या मारल्या काय, या लठ्ठपणाला त्याचं काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "गाठ काढायची. मग काही महिने गोळ्या घ्याव्या लागतील, शरीर ताळ्यावर यायला वेळ लागेल. पण वजन उतरेल."

"हाडं?" मास्तरांनी विचारलं.

"भरतील बरीचशी. आधीच कळलं असतं तर बरगडी वाचली असती," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी ते सहज सांगितलं, टोमणा म्हणून नाही. मास्तरांना मात्र ते आयुष्यभर पुरणार होतं.

ऑपरेशनच्या आधी बायकोनं कपाटातले सगळे कपडे काढले आणि दुकानातल्या कटिंगच्या टेबलावर आणून टाकले. "हे होते तसे करा. मूळच्या शिवणीवर. सगळे."

"अगं, पण मग तुला एकही—"

"मला ठाऊक आहे. करा."

मास्तर बसले. आलेली गिऱ्हाइकं परत पाठवली. एकेक पट्टी काढली, एकेक शिवण जुन्या भोकांवर परत नेली. त्या दोन वर्षांत आपण किती वेळा कपाट उघडलं होतं, हे त्यांना आता उसवताना कळलं. कोटाशी आले तेव्हा त्यांचे डोळे इतके भरले की सुईत दोरा ओवता येईना. बायको पायरीवर बसून बघत होती. तिनं सुई त्यांच्या हातातून घेतली, दोरा ओवला आणि न बोलता परत दिली.

सगळे कपडे आपल्या खऱ्या मापात कपाटात टांगले गेले. त्यातला एकही तिच्या अंगात शिरत नव्हता. ती हॉस्पिटलात गेली ती मास्तरांचा शर्ट घालून. घरात मास्तरांनी न फसवलेलं तेवढंच एक कापड होतं.

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर आधी ती फार अशक्त होती, केस विंचरायचेही कष्ट व्हायचे. मास्तरांनी जेवण वर नेलं, गोळ्या दिल्या, पाय चेपले. ती सगळं करून घ्यायची, आभार मानायची, पण जुन्यासारखं चिडवायची नाही. 'वा मास्तर' तर नाहीच. हळूहळू चेहऱ्याचा गोलवा ओसरला, मानेमागचा उंचवटा बसला. ती परत खिडकीत बसायला लागली आणि रांगेतला शेवटचा माणूस परत खिशात हात घालू लागला.

अधूनमधून ती कोट घालून बघायची. दुकान बंद करायच्या वेळी खाली येऊन आरशासमोर उभी राहायची. मास्तर तेव्हा हात पाठीमागं बांधून उभे राहायचे.

एके दिवशी मधलं बटण काजाच्या अगदी जवळ आलं.

"टेप आणा," ती म्हणाली.

मास्तरांनी टेप आणला, तिच्या कमरेभोवती गुंडाळला. आयुष्यभर हेच केलेली बोटं. जरासा ताणला की माप बसणार होतं, बटणही ओढून लागलं असतं, तिचा चेहराही खुलला असता. टेप आपोआप ताणला गेलासुद्धा. मास्तरांच्या लक्षात आलं तशी त्यांनी बोटं ढिली केली.

"किती?" तिनं आरशात बघत विचारलं.

"अजून दोन बोटं कमी पडतंय."

"मागच्या वेळी?"

"तीन होती."

"बरं." तिनं कोट काढला, घडी घालून टेबलावर ठेवला. "असंच सांगत जा."

मास्तरांना धीर आला. कित्येक महिने जे ओठांवर होतं ते त्यांनी विचारून टाकलं. "मला माफ केलंस का गं?"

ती जिन्याची पहिली पायरी चढली होती. तिथंच थांबली.

"नाही," ती म्हणाली. "मी तुमच्यासारखं मनातल्या मनात नाही करणार. करेन तेव्हा तोंडानं सांगेन, खाली दुकानात ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं. तोपर्यंत समजू नका."

"बरं," मास्तर म्हणाले, आणि टेप गुंडाळायला लागले.